अँटिकिथेरा यंत्र: ग्रहणं वर्तवायला की पाहुण्यांना दाखवायला?

दंतचक्र:
अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ साली वर काढलेलं मुठीनं फिरवायचं, दातेरी चाकांचं ग्रीक ब्राँझचं यंत्र (आता अथेन्सच्या संग्रहालयात, ८२ तुकड्यांत) 'ग्रहणं वर्तवायचं' असं सर्रास छापून येतं. मला पटत नाही. २२३ चांद्रमासांचं ग्रहणचक्र (तेवढ्या महिन्यांनी तशीच ग्रहणं पुन्हा येतात) बॅबिलोनवाल्यांना आधीच ठाऊक होतं. तोच तक्ता इथे चाकांवर चढवलाय. तक्ता हाताशी असताना मूठ फिरवत बसणारा माणूस गणिती नसणार, पैसेवाला हौशी असणार.

खगोलवेडा:
मागची खालची तबकडी नीट बघा की राव. चार वेढ्यांत २२३ घरं. ग्रहण शक्य असेल त्या घरात ग्रीक अक्षर: सिग्मा म्हणजे चंद्र, ईटा म्हणजे सूर्य, शिवाय तासही कोरलेला. चक्र १८ वर्षं ११ दिवसांचं, वर ८ तास. त्या ८ तासांनी पुढच्या फेरीत वेळ सरकते, म्हणून आत आणखी एक छोटी तबकडी: एक भाग कोरा, एकात ८, एकात १६. तेवढे तास मिळवायचे. शोभेच्या वस्तूत एवढा हिशेब कोण घालतं?

दंतचक्र:
ज्याला मिरवायचंय तो घालतो! ऑलिंपिकसारख्या खेळांचीही तबकडी आहे त्यात. चार वर्षांचं चक्र कुणाला पाठ नव्हतं? दाते त्रिकोणी, हातानं कापलेले. २०२५ मध्ये अर्जेंटिनातल्या अभ्यासकांनी संगणकावर तपासलं: तुकड्यांवर मोजलेल्या चुका जशाच्या तशा धरल्या तर चाकं अडकतात.

खगोलवेडा:
अर्धंच सांगताय. मूळ चुका मोजमापात दिसतात त्याहून कमी असाव्यात, असंही त्यांनीच म्हटलंय. दोन हजार वर्षं समुद्रात गंजलेला माल आहे तो.

काठावरचा:
चंद्राचा काटा दोघंही विसरलात. ५०-५० दात्यांची दोन चाकं, केंद्रं जेमतेम मिलिमीटरभर सरकलेली. एकावर खुंटी, दुसऱ्यात खाच. खुंटी खाचेत पुढेमागे सरकते आणि काटा महिन्यात कधी जलद, कधी मंद चालतो, खऱ्या चंद्रासारखा. निव्वळ अफाट! पण ग्रहणाची घरं या काट्यावरून निघत नाहीत, ती आधीच कोरलेली आहेत. त्या मुद्द्यावर मी दंतचक्र यांच्या बाजूनं.

खगोलवेडा:
पंचांगही छापीलच असतं. म्हणून त्यातलं ग्रहण भाकीत नव्हे का?

दंतचक्र:
पंचांगाचं गणित दरवर्षी नव्यानं होतं. असो. रोमन लेखक सिसेरो वाचा: आर्किमिडीजचा असाच, आकाशातल्या गती दाखवणारा एक गोल रोमन सेनापती मार्सेलसनं सिराक्यूजहून लुटीतून घरी आणला होता. पुढे त्याच घराण्याकडे गॅलस नावाच्या खगोल जाणणाऱ्या रोमनानं तो लोकांना फिरवून दाखवला. घरात, मंडळींसमोर. माझं म्हणणं हेच.

खगोलवेडा:
हाच गॅलस ना, इ.स.पू. १६८ मध्ये ग्रीसमधल्या पिद्नाच्या लढाईआधी चंद्रग्रहण होणार असं सैनिकांना आगाऊ सांगणारा?

दंतचक्र:
ते रोमन इतिहासकार लिव्हीचं म्हणणं. सिसेरोकडे तोच गॅलस ग्रहण उरकल्यावर, दुसऱ्या दिवशी, घाबरलेल्या सैनिकांना कारण समजावतो.