मंगल कार्यालयाला आमच्या बागेतली ९ गुंठे विकत पाहिजेत. महापालिका अशी विकू शकते का?

सुईदोरा (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. मी लेडीज टेलर. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, २१ वर्षं झाली. कायद्यातलं काही कळत नाही म्हणून इथं विचारतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या कॉलनीत महापालिकेची बाग आहे. बाग म्हणजे काय, मधे एक गोल कट्टा, त्यात पूर्वी कारंजं उडायचं, आता पाला कुजतो. दोन झोपाळे होते, एकाची साखळी गेली ती गेलीच. सात कडुनिंब, एक जांभूळ. तीन दिव्यांपैकी एक लागतो. तरी पहाटे साडेपाचपासून माणसं चालायला येतात, संध्याकाळी पोरं, आणि दुपारी समोरच्या बांधकामावरच्या बाया तिथं डबा सोडतात. माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रस्त्यावर चालायचं तर दुचाक्यांच्या मधनं. त्या बागेतच आठ फेऱ्या मारतात, बोटांच्या पेरांवर मोजत. सात झाल्या की 'आठ झाल्या' म्हणतात, ते सोडा.

बागेच्या पश्चिमेला लागून एक मंगल कार्यालय आहे. त्यांनी महापालिकेकडे अर्ज दिलाय. बागेतली ९ गुंठे लॉन आणि पार्किंगसाठी विकत द्या, रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दराने पैसे भरतो, वर उरलेली बाग पाच वर्षं आमच्या खर्चाने सांभाळतो. नवी खेळणी, नवे दिवे. कॉलनीच्या बैठकीत त्याचं रंगीत चित्र फिरलं, कंप्युटरवर काढलेलं. हिरव्यागार लॉनवर गोरीगोरी माणसं फुगे घेऊन चाललीत. आमच्या गल्लीतलं एकही तोंड त्यात नाही. तरी निम्मे लोक म्हणाले, होऊ दे की, नाहीतरी बागेचं वाटोळंच झालंय.

आता माझी अडचण. लग्नसराईत त्या कार्यालयातनं मलाच फोन येतो. नवरीचा ब्लाउज दाटला, करवलीची चेन निसटली, की मी मॅचिंग रीळ आणि सुया घेऊन पळते. गेल्या वैशाखात एका दिवसात चार वेळा गेले. विरोधाच्या कागदावर सही केली की तो फोन बंद. आमचे हे म्हणतात, "बाग काय तुझ्या माहेरची आहे काय?"

माहेरची नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा माझं माहेर, गावभागातलं, पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं होतं. आई आणि भाऊ आमच्याकडे. कर्नाळ रोडकडच्या लोकांनी म्हशी हाकत विश्रामबागेत आणल्या आणि याच बागेत बांधल्या. आठवडाभर आम्ही चहाचं आणि भाकरीचं तिथंच बघत होतो. म्हशींनी कुंपणाची मेंदी पार मुंडून टाकली. ती परत कुणी लावली नाही, हा महापालिकेचा भाग. पण त्या आठवड्यात तिथं लॉन आणि कुलूप असतं तर म्हशी कुठं बांधल्या असत्या, एवढंच मला दिसतं.

तर सांगा, विकता येते का अशी बाग? आणि सह्यांचा कागद कुणाच्या नावाने करायचा?

निवृत्त भूमापक (मिरज)

ताई, सह्या मागाहून. आधी ती जागा कोण आहे ते शोधा. सगळ्या बागा वरून सारख्याच दिसतात, कागदावर वेगळ्या असतात.

तुमची कॉलनी म्हणजे जुना मंजूर ले-आउट, जमिनीचे प्लॉट पाडल्याचा नकाशा, असणार. ले-आउट पाडताना मालकाला काही जागा मोकळी सोडावीच लागते, ती ओपन स्पेस. आजच्या नियमावलीत ०.४ हेक्टरच्या वर गेलं की १० टक्के. ही जागा प्लॉटधारकांसाठी सोडलेली असते, तिच्या जोरावरच बाकीचे प्लॉट विकले जातात. तुमच्या सासऱ्यांनी प्लॉट घेतला तेव्हा त्या बागेचे पैसे त्यातच मोजलेत असं समजा. महापालिकेकडे अशी जागा बहुतेक सांभाळायला आलेली असते. सातबाऱ्यावर मूळ मालकाचंच नाव राहिलंय असंही मी पाहिलंय. मग विकणार कोण आणि काय?

विकास आराखड्यात बागेचं आरक्षण असेल तर ते उठवल्याशिवाय तिथं लॉन होत नाही. त्याला नगररचना अधिनियमाचं कलम ३७. महासभेचा ठराव, राजपत्रात आणि पेपरात नोटीस, हरकतींना एक महिना, सुनावणी, आणि शेवटचा शब्द राज्य सरकारचा. आणि आरक्षण, ओपन स्पेस काहीच नसून साधी महापालिकेच्या मालकीची जागा निघाली, तर महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९. तिथंही महासभेची मंजुरी पाहिजे आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी चालत नाही. रेडीरेकनर आणि बाजारभाव यात विश्रामबागेत काय अंतर आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कागद बघायला मिळतात, २०१८ पासून तशी सोय आहे. नगररचना विभागात जाऊन मंजूर ले-आउटचा नकाशा मागा. टाळाटाळ केली तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर.

पंगत (सांगली)

मी केटरिंगवाला. शिव्या घाला, पण ऐका. कुठल्याही कार्यालयात लग्न असलं की दीडशे गाड्या रस्त्यावर लागतात. मागच्या सीझनला अँब्युलन्स अडकलेली मी डोळ्यांनी बघितली, आमची पोरं वाढप सोडून गाड्या ढकलत होती. आणि बागेचं म्हणाल तर रात्री नऊनंतर तिथं कोण बसतं आणि सकाळी काय काय सापडतं हे ताईंनी लिहिलेलं नाही. महापालिकेला साधं झाडाला पाणी घालणं जमत नाही. कुणी पैसेवाला घेतोय तर निदान नळ तरी चालू होईल. सगळा धंदा वाईटच असतो असं धरून चालू नका.

काळा कोट (सातारा)

पंगतराव, अँब्युलन्सचं खरं आहे. पण त्याचा कागद बागेत नाही, कार्यालयातच आहे. मंगल कार्यालयाला बांधकाम परवानगी मिळताना पार्किंग नकाशात दाखवावंच लागतं. सुईदोराताई, सोमवारी गेलात की तो नकाशाही मागा. नकाशातल्या पार्किंगच्या जागी दुसरा हॉल उभा, हे मी तीन प्रकरणांत पाहिलंय. स्वतःचं पार्किंग खाऊन वर लोकांची बाग मागायची.

कोर्टाचं म्हणाल तर दोन निकाल लक्षात ठेवा, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे. १९९१ चा बंगळुरूचा: बागेसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती, ते वाटप रद्द झालं. नर्सिंग होमच काय वाईट, असा युक्तिवाद तिथंही होता. दुसरा १९९९ चा लखनौचा: अमीनाबादेतल्या झंडेवाला पार्कखाली तिथल्या महापालिकेने बिल्डरकडून भुयारी बाजार बांधून घ्यायचं ठरवलं. काम बरंच पुढं गेलं होतं. तरी ते पाडून पार्क पूर्ववत करायला लावलं. महापालिका लोकांची विश्वस्त आहे, हा त्यातला मुद्दा.

एक सावध करतो. विक्रीचा अर्ज अडला की पुढचा अर्ज 'विकत नको, ३० वर्षं भाड्याने द्या' असा येतो. कलम ७९ भाडेपट्ट्यालाही लागतं. तेही अडलं की 'बाग दत्तक घेतो'. दत्तक घेतलेल्या बागेत आधी पाटी लागते, मग चेन, मग वॉचमन. झाडं तोडायची असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी.

सुईदोरा

गेले होते सोमवारी. एकटी नाही, सासूबाईंना घेऊन. म्हातारं माणूस बरोबर असलं की खुर्ची मिळते.

नकाशा निघाला. घडीवर फाटलेला, हिरवा रंग उडून पिवळा पडलेला. त्यावर आमची बाग आहे आणि तिच्या पोटात 'ओपन स्पेस' असंच लिहिलंय. मापं ६२ मीटर बाय ४०. साहेबांनीच तिथं कॅल्क्युलेटरवर साडेचोवीस गुंठे काढून दिले. मी म्हटलं, बागेच्या पाटीवर तर २२ गुंठे आहेत. ते म्हणाले, पाटी रंगवणाऱ्याची चूक असेल.

मला ते काही पटलं नाही. ब्लाउजपीस कमी भरला तर गिऱ्हाइकाला सांगायच्या आधी मी तीनदा मोजते. गल्लीतल्या गवंड्याकडनं ३० मीटरची टेप आणली. एक टोक माझ्या लेकीच्या हातात, एक माझ्या. लांबी बरोब्बर ६२. रुंदी ३६ मीटर ४० सेंटिमीटर. तिन्ही वेळा तीच, दोन-चार सेंटिमीटर इकडंतिकडं. म्हणजे ३ मीटर ६० सेंटिमीटरची पट्टी कुठं गेली? पश्चिमेला कार्यालयाची भिंत. भिंतीपलीकडं त्यांचा भटारखाना आणि जनरेटर. लेकीने हिशेब केला, सव्वादोन गुंठ्यांच्या आसपास होतं.

बाकी कार्यालयाचा परवानगीचा नकाशा त्या दिवशी मिळाला नाही. फाइल साहेबांच्या टेबलावर आहे म्हणाले. कुठले साहेब ते कळलं नाही.

निवृत्त भूमापक

ताई, टेपच्या जोरावर आत्ताच बोंब मारू नका. जुन्या नकाशात आणि जागेवर थोडा फरक पडतो. पण साडेतीन मीटर हा थोडा फरक नाही. आयुक्तांच्या नावे अर्ज करा: ओपन स्पेसची सरकारी मोजणी करून हद्दी कायम कराव्यात, तोवर विक्रीच्या अर्जावर निर्णय घेऊ नये. एवढीच दोन वाक्यं. म्हशी, पूर, भावना काही लिहू नका, ते सुनावणीत बोला. आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.

पंगत

भटारखाना तीन मीटर आत असेल तर मी बारा वर्षं बागेतच भात शिजवतोय म्हणायचं. ती मागची भिंत माझ्या समोर पुढं सरकली होती, आता आठवतंय. सही करायची असली तर कळवा.

सुईदोरा

अर्ज दिला, शिक्का घेतला. ३१ सह्या. पहिली सासूबाईंची, अक्षरं वर चढत गेलीत. बैठकीत 'होऊ दे' म्हणणारे सहाजण त्यात आहेत. पट्टीचं ऐकल्यावर आले. आमच्या ह्यांनी सही केली नाही, पण झेरॉक्स काढून आणल्या. पंगतदादा, तुमची घ्यायची राहिली आहे.

काल रात्री कार्यालयातनं फोन आला, नवरीचे हूक तुटले. गेले. मॅनेजर दारातच उभे होते, अर्जाचं काही बोलले नाहीत, मीही नाही. 'वहिनी, लवकर बघा, मुहूर्त गाठायचाय' एवढंच. नवरीच्या खोलीच्या खिडकीतनं भटारखान्याची भिंत दिसते, चार हूक लावेपर्यंत तीच समोर होती.

येत्या सोमवारी परवानगीच्या नकाशासाठी परत जाणार आहे. विश्रामबागेतलं कुणी हे वाचत असेल तर पावणेतीनला महापालिकेच्या पायरीवर भेटा. माझ्याकडे गवंड्याची पिवळी टेप असेल, त्यावरनं ओळखाल.