सांगितलं खरं, पण पोहोचलं का? आरोग्यशिक्षणाचे तुमचे अनुभव

धाग्याची सुरुवात : रुग्ण-समुपदेशक

आरोग्याबद्दल सांगणारे आता पुष्कळ आहेत. भित्तिपत्रकं आहेत, व्हिडिओ आहेत, शाळेत व्याख्यानं होतात, औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांची घडी असते. तरीही रुग्णांशी बोलताना मला रोज दिसतं की सांगणं एकीकडे राहतं आणि घरी गेल्यावर घडतं ते वेगळंच. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के गोष्टी माणूस लगेच विसरतो आणि जे आठवतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं आठवतं, असं या विषयावरच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. यात रुग्णाचा दोष नाही. घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटांत दहा सूचना दिल्यावर दुसरं काय होणार?

"जनजागृती व्हायला हवी" हे आपल्या सगळ्यांना मान्यच आहे. त्याच्या पुढचं लिहा. शाळेत, वस्तीत, घरात नेमकं काय केल्यावर एखादी गोष्ट समोरच्याला खरंच करता आली?

माझ्यापासून सुरू करते. "समजलं ना?" असं मी विचारत नाही, कारण त्याला उत्तर "हो" हेच येतं. मी म्हणते, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर विचारतील, डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?" परीक्षा माझी आहे असं कळलं की माणूस मोकळेपणानं बोलतो. इन्सुलिनचं पेन तर मी त्यांच्याच हातात देते. सुई टोचल्यावर बटण दाबून काही सेकंद तसंच धरायचं असतं, हे तोंडी सांगितलेलं जवळजवळ सगळे "हो हो" म्हणतात. हातात पेन आल्यावर मात्र बरेच जण सुई झटकन बाहेर काढतात. ते पाहिलं की पुढचं बोलणं कुठून सुरू करायचं ते कळतं.

औषधांच्या दुकानातून

ताई, तुमच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. २००६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. "दोन गोळ्या, दिवसातून दोनदा" अशी चिठ्ठी लावलेली बाटली लोकांना दिली. वाचनाची सवय कमी असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी सूचना बरोबर सांगितली. मग म्हटलं, दिवसभरात घ्यायच्या गोळ्या काढून दाखवा. तेव्हा फक्त ३५ टक्क्यांच्या आसपास लोकांना चार गोळ्या मोजून दाखवता आल्या. वाचता येणं आणि करता येणं यातली ही दरी मी काउंटरवर रोज पाहतो.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लहान मुलांच्या तापाच्या औषधाची. पॅरासिटामॉलचे थेंब वेगळे आणि सिरप वेगळं. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणजे नाव तेच, रंगही कधी तोच, पण थेंबांचं औषध सिरपच्या दुप्पट ते चौपट तीव्र. थेंब संपले म्हणून सिरप आणलं आणि जुन्याच ड्रॉपरनं तेवढंच दिलं, तर ताप उतरत नाही. उलट झालं, म्हणजे सिरपच्या मापानं थेंब दिले, तर यकृतावर बेतू शकतं. मी आता बाटली देताना दोन्ही आकड्यांवर पेनानं गोल करतो आणि मापाचं टोपण किंवा सिरिंज पालकांसमोर भरून दाखवतो. मग ते भरतात आणि मी बघतो. रांग लांबते, लोक कुरकुरतात. तरीही करतो. घरातल्या चमच्याला ठरलेलं माप नसतं, हेही तेव्हाच सांगून होतं.

गणित शिकवतो

आरोग्यशिक्षण म्हटलं की सगळे विज्ञानाच्या शिक्षकांकडे बघतात. मी नववी-दहावीला गणित शिकवतो आणि माझ्या मते निम्मं काम गणिताच्या तासाला होण्यासारखं आहे.

शेकडेवारी शिकवताना मी १९९५ सालचं ब्रिटनमधलं एक प्रकरण घेतो. काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तिथं दिला गेला. दुप्पट म्हटल्यावर घबराट उडाली आणि कितीतरी बायकांनी गोळ्या बंद केल्या. प्रत्यक्षात काय होतं? जुन्या गोळ्या घेणाऱ्या दर ७००० स्त्रियांपैकी एकीला गुठळी होत असे, नव्या गोळ्यांनी दोघींना. दुप्पट हे खरंच, पण ७००० मध्ये एक जास्त. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, ही गोष्ट त्या गोंधळात मागे पडली.

मुलांना मी ७००० ठिपके छापलेला मोठा कागद देतो आणि एक ठिपका लाल करायला सांगतो. मग दुसरा. वर्ग एकदम शांत होतो, कारण दुसरा लाल ठिपका शोधायलाही वेळ लागतो. त्यानंतर कुठलीही बातमी आली, "अमुक खाल्ल्यानं धोका ५० टक्क्यांनी वाढतो," की पोरं विचारतात, "सर, कितीपासून कितीपर्यंत?" हा एक प्रश्न घेऊन मूल शाळेतून बाहेर पडलं तरी मला समाधान आहे. फायद्याच्या दाव्यांनाही तो तसाच लागू पडतो, हे ती स्वतःच ओळखतात.

दोन ओळी माझ्याही : वसतिगृहाची व्यवस्थापक

भाजल्यावर टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, तूप-तेल नाही. नळाचं वाहतं गार पाणी, २० मिनिटं. आम्ही मुलींना नळाखाली हात धरून २० मिनिटं खरोखर उभं केलं. तो वेळ किती लांब असतो ते तेव्हाच कळलं. एरवी सगळ्या मिनिटभरात हात काढतात.

प्रौढ साक्षरता वर्ग चालवते

एका गोष्टीबद्दल मला मनापासून सावध करायचंय. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं काढा, म्हणजे प्रश्न सुटला, असं फार जण समजतात. आमच्या वर्गात औषधाच्या पाकिटावरचं सूर्याचं चित्र दाखवलं. "सकाळी" असं कुणी म्हणालं, कुणी "भर दुपारी", आणि एक आजी म्हणाल्या, "उन्हात जायच्या आधी घ्यायची असेल." चित्रही वाचायला शिकावं लागतं. म्हणून छापण्याआधी ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना दाखवून "यातून काय कळतं?" असं विचारायलाच हवं.

दुसरं म्हणजे, वाचता येत नाही हे कुणी सांगत नाही. "चष्मा घरी राहिला," "मुलाला दाखवते आणि मग सही करते," अशी वाक्यं ऐकू आली की मी कागद बाजूला ठेवते आणि बोलायला लागते. त्या माणसाची लाज राखणं हा आरोग्यशिक्षणाचाच भाग आहे, असं मी ठामपणे मानते. अनेक जणी गोळ्या रंगावरून ओळखतात. पांढरी बीपीची, गुलाबी शुगरची. दुसऱ्या कंपनीची गोळी आली की रंग बदलतो, आणि जुनीही चालू, नवीही चालू असं होतं.

औषधांच्या दुकानातून, पुन्हा

हे अगदी खरं आहे. कंपनी बदलली की मी जुनी रिकामी स्ट्रिप मागून घेतो, नवी शेजारी ठेवतो आणि "ही गेली, तिच्या जागी ही आली" असं सांगतो. जुन्या गोळ्या उरल्या असतील तर आधी त्या संपवायच्या की बंद करायच्या, हेही तिथंच ठरवून देतो.

माध्यमिक शाळेत विज्ञान

आमच्या शाळेत दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल बीपी यंत्र आहे. मी त्याचा प्रयोगच करून घेते. एकाच मुलाचं बीपी आधी पळून आल्यावर, मग पाच मिनिटं टेकून बसल्यावर, मग हात खाली लोंबकळत ठेवून, मग हात टेबलावर हृदयाच्या उंचीवर ठेवून, मग मित्राशी गप्पा मारताना. दर वेळी वेगळा आकडा! हात खाली असला की आकडा चढतो, बोलताना चढतो, पाय अधांतरी असले तरी चढतो. मुलं आकडे फळ्यावर लिहितात आणि खरा कोणता यावर वाद घालतात. मग मोजण्याची रीत ती स्वतःच ठरवतात: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, बोलायचं नाही, एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं.

यानंतर १४०/९० हा आकडा सांगितला की त्याला अर्थ येतो. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा त्याच्यावर गेला तर उच्च रक्तदाब. एकदा गेला म्हणून नाही, आणि काही त्रास होत नाही म्हणून औषध सोडायचंही नाही, कारण वाढलेलं बीपी बहुधा जाणवतच नाही. मुलं घरी जाऊन आजी-आजोबांना खुर्चीत नीट बसवतात. एका मुलीनं तर दवाखान्यात आजोबांचा हात उचलून टेबलावर ठेवला, असं तिची आई कौतुकानं सांगत होती.

धागाकर्ती

मॅडम, एक विचारू का? चाचणीच्या आधी चार दिवस पथ्य पाळणारे माझ्याकडे खूप येतात. एचबीए१सी ही मधुमेहासाठीची रक्ताची चाचणी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर, हे सांगून पटत नाही. मुलांना कसं शिकवाल?

माध्यमिक शाळेत विज्ञान

लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, हे त्यांच्या पुस्तकातच असतं. तिथून सुरुवात करते. जितके दिवस पेशी रक्तात फिरते तितके दिवस साखर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते, आणि एकदा चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. मग मुलांनाच विचारते, चार दिवसांच्या पथ्यानं आधीचं पुसेल का? कारण हाती लागलं की नियम पाठ करावा लागत नाही.

प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका

लहान मुलांच्या बाबतीत माहितीच्याही आधी भीती काढावी लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जण १५ वर्षांखालची मुलं असतात. मुलं चावल्याचं लपवतात. "तू कुत्र्याच्या वाटेला गेलासच कशाला?" हे ऐकावं लागेल म्हणून. आणि लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर जवळजवळ काहीच उपाय उरत नाही. वेळेत मिळालेली लस मात्र जीव वाचवते.

त्यामुळे आमच्याकडे पहिला धडा पालकांना असतो: मूल चावल्याचं सांगत आलं तर त्या दिवशी एक शब्दही रागवायचं नाही. शिक्षकांनाही तेच. मुलांना आम्ही एवढंच शिकवतो की चावलं, ओरबाडलं किंवा जखम चाटली, तर लगेच मोठ्या माणसाला सांगायचं आणि साबण-पाण्यानं जखम धुवायला लागायचं. १५ मिनिटं धुवायची. तेवढा वेळ कळावा म्हणून वर्गात घड्याळ लावून बाहुलीचा पाय धुवून घेतो. हळद, चुना, मिरची लावायची नाही. मग दवाखाना, जखम अगदी बारीक वाटली तरी. ओरखडा खोल असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोबुलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं, हे पालकसभेत सांगतो, म्हणजे डॉक्टरांना विचारायचं कुणाच्या लक्षात राहतं.

यंदा दुसरीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत थेट माझ्या खोलीत आला, पॅंट वर करून पोटरी दाखवली आणि म्हणाला, "बाई, सकाळी येताना चावलं. घरी माहीत नाही. धुवायला साबण द्या." दुपारच्या आत त्याला पहिली लस मिळाली होती. त्याच्या आईला फोन मीच केला. आधी नियमाची आठवण करून दिली आणि मगच काय झालं ते सांगितलं.