मदत हवी आहे : पिस्ता कुर्ता आणि पांढरी पँट, पण ओढणी कुठल्या रंगाची?

मंगलदास मार्केटमधून अगदी फिकट पिस्ता रंगाचं अडीच मीटर मलमल आणलंय. गुडघ्याखाली जाणारा सरळ कुर्ता शिवायचाय, खाली पांढरी कॉटनची पँट. मार्चच्या सुरुवातीला, दुपारी घामाच्या धारा लागायच्या आधीच्या दिवसांत ऑफिसला घालायचा. प्रवास दादर ते चर्चगेट लोकलने, त्यामुळे सिंथेटिक काहीच नको.

घरी कापड अंगावर धरून पाहिलं. पांढरी चिकनकारी ओढणी घेतली, तर सगळंच धुतल्यासारखं फिकं दिसलं. माझा रंग गव्हाळ आहे, चेहराही उतरल्यासारखा वाटला. फिकट जांभळी ओढणी ट्यूबलाइटखाली सुंदर होती, पण गॅलरीतल्या उन्हात करडी दिसायला लागली. आता अबोली किंवा फिकट पिवळी मनात आहे. गडद काठ नकोत, मला तो सगळा हलकेपणाच हवाय.

दुसरी अडचण अस्तराची. मलमल पारदर्शक आहे. खाली पांढरं अस्तर धरलं की पिस्ता जवळजवळ नाहीसा होतो. त्वचेच्या रंगाची स्लिप घातली तर ती दिसत नाही, पण कापड थोडं मळकट वाटतं. पिस्ता अस्तर अजून धरून पाहिलेलं नाही.

दागिने चांदीचे, चप्पल साधी कोल्हापुरी. ओढणीचं बजेट आठशेपर्यंत. रविवारी कापड शिंप्याकडे द्यायचंय.

गव्हाळ रंगावर पिस्त्याबरोबर अबोली खुलेल की फिकट पिवळी? आणि अस्तर त्याच पिस्ता रंगाचं लावलं, तर उन्हात रंग टिकून दिसतो का? कुणी शिवून घेतलंय?