लो व्हिजनमध्ये पूर्णवेळ यायचंय, आधी कुठलं कौशल्य शिकू?

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नेहमीच्या तपासणीबरोबर लो व्हिजनचे, म्हणजे चष्मा आणि उपचारांनंतरही नजर कमीच राहिलेले, रुग्णही बघते आणि आता पूर्णवेळ याच कामात यायचं नक्की केलंय.

उपकरण निवडणं जमतं. लांबची नजर 6/60 असेल तर केस्टेनबॉमच्या नियमाने (60 भागिले 6) +10 डायॉप्टरच्या भिंगापासून सुरुवात, कॉन्ट्रास्टची तपासणी, दिव्याची जागा, हे सगळं करते. अडतं ते त्यानंतर. मॅक्युला (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग) खराब झालेल्या एक आजी +10 च्या चष्म्याने सुटं अक्षर पटकन ओळखतात. सलग वाचायला लागल्या की कागद हळूहळू लांब सरकतो, या चष्म्याला लागणारं 10 सेंटिमीटरचं अंतर सुटतं आणि अक्षरं पुसट होतात. स्टँड मॅग्निफायर दिल्यावर अंतर टिकलं, पण पुढच्या ओळीची सुरुवात काही सापडेना. नजर थोडी बाजूला ठेवून बघायचा सराव घेतला, ओळीखाली काळी पट्टीही ठेवून पाहिली. फरक पडला, पण थोडाच. वाचायची त्यांची इच्छा दांडगी आहे, म्हणून जास्तच लागून राहतं.

मोतीबिंदू नाही, चष्म्याचा नंबर पुन्हा तपासलाय, वाचतानाही एकच डोळा वापरतात. आमच्याकडे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमवायला शिकवणारे) नाही. नोकरी सोडून शिकणं मला शक्य नाही.

जे हेच काम पूर्णवेळ करतात त्यांना विचारायचंय: अशा रुग्णाला घरी करायचा सराव कुठल्या क्रमाने देता? आणि माझ्या जागी असतात तर आधी वाचन-प्रशिक्षण पक्कं केलं असतं, की ओरिएंटेशन आणि मोबिलिटी (कमी नजरेत सुरक्षितपणे वावरायचं प्रशिक्षण) शिकायला घेतलं असतं?