रात्रपाळी खरोखर शांत असते का?

रात्री डॉक्टरांचे राउंड नसतात, नातेवाइकांची गर्दी नसते, म्हणून नर्सची रात्रपाळी सोपी, असे काहीजण म्हणतात; हे मत मला अर्धेच पटते. पहाटे ४ च्या सुमारास, नेमके डोळे जड होतात तेव्हाच, इन्सुलिनच्या पंपाचा वेग दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यायचा असतो आणि ती सिस्टर बहुधा शेजारच्या वॉर्डात अडकलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले, हेही खरे. मात्र रात्रपाळी घ्यायची की नाही, हा निर्णय घेताना मी आधी दिवसा सलग झोप मिळते का, हे पाहीन. माझी झोप रोज अकराला कुकरच्या शिट्टीने मोडायची, म्हणून रात्रभत्त्यावर पाणी सोडून मी दिवसपाळी मागून घेतली.