इलेक्ट्रॉनला आपण पाहतोय हे कळतं का?

सह्यकडा

‘मावळतीचा वाचक’ यांनी परवा लिहिलं की दोन फटींच्या प्रयोगात (इलेक्ट्रॉन दोन बारीक फटींतून सोडले की पडद्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात, कुठल्या फटीतून गेला हे टिपलं तर ते जातात) आपण पाहू लागलो तर इलेक्ट्रॉन वागणं बदलतो, म्हणजे पाहणाऱ्याची जाणीवच जग घडवते, वस्तुनिष्ठ असं काही उरत नाही, आणि 2022च्या नोबेलने यावर शिक्कामोर्तब केलं. मी सोडून देणार होतो. पण हेच वाक्य माझ्या पुतणीने कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत म्हटलं आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. आता गप्प बसवत नाही.

2022चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना गुंतलेल्या फोटॉनांवरच्या, म्हणजे ज्यांची उत्तरं एकमेकांशी जुळतात अशा प्रकाशकणांच्या जोड्यांवरच्या प्रयोगांसाठी मिळालं. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने 1964 मध्ये एक असमानता, म्हणजे या जुळणीला मर्यादा घालणारी गणिती अट मांडली होती, ती निसर्ग मोडतो हे त्यांनी दाखवलं. त्यात जाणीव कुठेही नाही. मोजणी यंत्रांनी केली, माणसांनी आकडे नंतर वाचले.

आणि व्हिएन्नातला 2004चा प्रयोग घ्या. सत्तर कार्बन अणूंचे रेणू बारीक जाळ्यांमधून सोडले, व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळल्याचे पट्टे उमटले. मग तेच रेणू लेसरने आणखी तापवत नेले, तसे पट्टे फिके होत गेले. कारण तापलेला रेणू स्वतःच प्रकाश टाकतो आणि आपण कुठून गेलो याचा माग त्या प्रकाशात सोडून जातो. तो प्रकाश कुणी टिपला नाही, कुणी पाहिला नाही. तरी पट्टे गेले ते गेलेच.

आमच्या शाळेत पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहायचं काम माझ्याकडे. एकदा तापाने पडून होतो, एक दिवस चुकला. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं पाणी एकदम मिळालं. मी पाहिलं नाही म्हणून पाऊस थांबला नव्हता.

मावळतीचा वाचक

तुमचा सूर मला लागला. मी 34 वर्षं गणित शिकवलंय, ताईत विकलेले नाहीत.

गणिती फॉन नॉयमनने 1932 मध्ये दाखवलं की मोजणारं यंत्र आणि मोजली जाणारी वस्तू यांच्यातली रेघ कुठेही ओढा, उत्तर तेच येतं. तुमचं यंत्र अणूंचं, प्रकाश गिळणारी भिंतही अणूंचीच. मग श्रोडिंगरचं समीकरण, म्हणजे सगळ्या शक्यता एकत्र पुढे नेणारा क्वांटमचा नियम, तिथे येऊन थांबतं ते कशाने? भौतिकशास्त्रज्ञ विग्नरने 1961 मध्ये हाच प्रश्न धरला आणि रेघ जाणिवेपाशी ओढली. त्यालाही भोंदू म्हणणार का? रवींद्रनाथ 1930 मध्ये बर्लिनजवळच्या कापुट गावी आइन्स्टाइनला भेटले तेव्हा माणसाला वगळून सत्य असतं हे त्यांनीही मानलं नव्हतं.

माझी पत्नी शेवटची तीन वर्षं मला ओळखत नव्हती. मी समोर बसून भात भरवायचो आणि ती विचारायची, “हे आले का?” तिच्या जगात मी नव्हतो. पाहणाऱ्यावाचून जग म्हणजे काय, हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही.

फळाखडू

काका, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण या सगळ्या गोंधळाचं मूळ ‘निरीक्षक’ या शब्दात आहे. निरीक्षक म्हटलं की डोळ्यांपुढे माणूसच येतो. पोलीस निरीक्षक, शाळा तपासायला येणारे निरीक्षक. भिंतीला निरीक्षक कोण म्हणेल? तसंच ‘पुंज’. पुंज म्हणजे ढीग, आणि क्वांटम म्हणजे तर सगळ्यात लहान हिस्सा! मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. संवेग, त्वरण, विवर्तन सगळं पाठ होतं. अकरावीत पहिल्याच तासाला यातला एकही शब्द कानावर आला नाही. सहा महिने मागच्या बाकावर बसून रडले. असले शब्द घडवणाऱ्यांनी आमची एक पिढी वाया घालवली.

राईनकाठ

शब्दांवर खापर फोडू नका. इंग्रजी ‘ऑब्झर्व्हर’ म्हटलं तरी माणूसच दिसतो, जर्मन ‘बेओबाख्टर’ म्हटलं तरी तेच. अडचण भाषांतरात नाही, मूळ भाषेतच आहे. बेलने 1990 मध्ये ‘मापन’ हा शब्दसुद्धा मूलभूत सिद्धान्तातून हद्दपार करा म्हणून सांगितलं होतं, तेही इंग्रजीत. इलेक्ट्रॉनची जागा आणि संवेग दोन्ही एकदम नेमके नसतात, या हायझेनबर्गच्या तत्त्वाला जर्मनमध्ये ‘उनशेर्फे’ म्हणतात, म्हणजे धूसरपणा, कडा ठळक नसणं. आपण इंग्रजीवरून ‘अनिश्चितता’ घेतलं, आणि वाटायला लागलं की इलेक्ट्रॉनचं सगळं ठरलेलं आहे, फक्त आपल्याला नक्की माहीत नाही.

फळाखडू

म्हणजे शेवटी शब्दांमुळेच गैरसमज झाला ना? मी तरी दुसरं काय म्हणतेय? तिकडे बसून आम्हाला शब्दांवर रडू नका सांगणं सोपं आहे. गेली अकरा वर्षं मी मुलांना शिकवतेय. ‘तरंगफलन’ (वेव्ह फंक्शन) म्हटलं की वर्ग हसतो.

राईनकाठ

तिकडे बसून? मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतलाच. मला ‘व्यतिकरण’ शब्दानेच विषय उमगला, कारण तो आमच्या गुरुजींनी विहिरीत दोन खडे टाकून शिकवला. लाटा एकमेकींत शिरताना पाहिल्या, तो शब्द आजवर विसरलो नाही. वर्ग हसतो तर त्याला विहिरीवर न्या. शब्द घडवणाऱ्यांना शिव्या देऊ नका, त्यातल्या कित्येकांनी फुकट राबून कोश केलेत.

फळाखडू

विहिरीचं मान्य. उद्याच करते, विहीर नाही तर परातीत. पण ‘पुंज’ मी वापरणार नाही. क्वांटमच म्हणेन.

राईनकाठ

आणि सह्यकडा, तुमचं पर्जन्यमापकाचं उदाहरण साफ चुकीचं आहे. पहिल्या दिवशी किती आणि दुसऱ्या दिवशी किती, हे ठरलेलं होतं, फक्त तुमच्या वहीत नव्हतं. बेलची असमानता तंतोतंत याच कल्पनेवर घाव घालते. दोन्ही फोटॉनांनी उत्तरं आधीच खिशात घालून आणली असतील आणि इकडच्या मोजणीचा तिकडे परिणाम होत नसेल, तर दोन्हीकडच्या उत्तरांच्या जुळणीला एक मर्यादा पडते. प्रयोगात जुळणी ती मर्यादा ओलांडते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला 2015 मध्ये 1.3 किलोमीटर अंतरावरच्या इलेक्ट्रॉनांवर, आधीच्या प्रयोगांतल्या पळवाटा बुजवून हे तपासलं. तेव्हा ‘पाऊस होताच, आपण पाहिला नाही’ हे इथे चालत नाही.

सह्यकडा

ठीक. उदाहरण मागे घेतो. पण त्यातून जाणीव सिद्ध होत नाही.

आणि विग्नरचं अर्धंच सांगितलंत, वाचकसाहेब. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डीटर त्सेने 1970 मध्ये दाखवलं की मोठी वस्तू परिसरापासून कधीच सुटी नसते. हवा, प्रकाश, उष्णता सतत तिचा माग घेत असतात, आणि त्यातच तिचे पट्टे पुसले जातात. हे पटल्यावर खुद्द विग्नरने आपलं जाणिवेचं मत सोडलं. परिसराकडे पाहणाऱ्या कुणाचीही गरज नाही. शंभर जणांना चंद्र एकाच जागी दिसतो, कारण त्याच्या जागेची खूण असंख्य फोटॉनांत आधीच उतरलेली असते. माझ्यासाठी वस्तुनिष्ठता ती हीच.

मावळतीचा वाचक

विग्नरने मत बदललं हे मला ठाऊक नव्हतं. वाचून पाहिलं, खरं आहे. पण त्सेच्या कामातून पट्टे का जातात एवढंच कळतं. अनेक शक्यतांतून हीच एक का उरली, हे कुठे कळतं?

सह्यकडा

नाही कळत. तो प्रश्न उघडा आहे. तिथे तुमचं बरोबर आहे, हे मला आवडत नसलं तरी.

मावळतीचा वाचक

आमच्या रविवारच्या अभ्यासमंडळासाठी केलेल्या टिपणातून 2022च्या नोबेलचं वाक्य काढतो. आणि पुतणीला सांगा, बक्षीस तिचं, वाक्यातली चूक माझी. जाणिवेचा परिच्छेद मात्र ठेवतो. त्याखाली तुमचा तो तापलेला रेणू लिहीन.