बाबांची दहा हजार पावले: ज्येष्ठांनी रोज नेमके किती चालावे?

गोदाकाठ (प्रश्न)

माझे वडील ७२ वर्षांचे असून बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाल्याचे दोन वर्षांपूर्वी एक्स-रेमध्ये दिसले होते. एरवी प्रकृती ठणठणीत आहे. दिवाळीत नातीने त्यांच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ बांधले आणि तेव्हापासून दहा हजारांचा आकडा गाठल्याखेरीज ते अंथरुणाला पाठ टेकत नाहीत. परवा रात्री साडेदहाला मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या ओट्यापासून गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीपर्यंत येरझारा घालत होते, कारण हिशेबात अजून चौदाशे पावले कमी पडत होती. सकाळी गुडघा सुजलेला होता. आईचे म्हणणे असे की, आता चालणेच बंद करावे आणि घरात स्वस्थ बसावे. मला ही दोन्ही टोके पटत नाहीत. या वयात रोज किती चालावे, गुडघा दुखत असताना चालावे की नाही, आणि एकदम तासभर चालणे बरे की थोडे थोडे, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

सातारचा_फिजिओ

दहा हजार हा आकडा कोणा डॉक्टरने संशोधनाअंती ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले, त्याचे नावच 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचे मापक' असे होते. आकडा गोल होता, लोकांच्या लक्षात राहिला आणि पुढे तो जगभर पसरला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमधील मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले आणि ७,५०० च्या पुढे फारसा अधिक लाभ दिसला नाही. मुळात ज्यांची तब्येत बरी असते तेच अधिक चालतात, हेही अशा अभ्यासांबाबत लक्षात ठेवावे लागते. तरीही रात्री साडेदहाला चौदाशे पावलांसाठी जीव टाकण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आता गुडघ्याविषयी. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. चालताना ती दाबली जाते, सुटते आणि त्या उघडझापीतून तिला सांध्यातल्या द्रवाकडून पोषण मिळते, त्यामुळे चालणे पूर्ण बंद करणे हा गुडघ्याच्या दृष्टीने तोट्याचाच व्यवहार आहे. मी रुग्णांना असे सांगतो की, चालताना थोडे दुखले तर चालेल, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे किंवा सूज आदल्या दिवसापेक्षा वाढलेली असेल, तर काल झालेले चालणे जास्त झाले. अशा वेळी सूज उतरू द्यावी, मग निम्म्यापासून सुरुवात करावी आणि आठवड्या-आठवड्याने वाढवावे. सूज उतरतच नसेल, तर प्रत्यक्ष तपासणी हवी. आपल्या वर्णनात मला खटकल्या त्या घरातल्या येरझारा. लहानशा जागेत दर दहा-बारा पावलांनी वळावे लागते आणि प्रत्येक वळणाला झिजलेल्या गुडघ्याला पीळ बसतो. त्यापेक्षा सपाट, सरळ रस्ता किंवा मैदान बरे. काठी वापरायची झाली तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध, म्हणजे बाबांनी डाव्या हातात धरावी; बहुतेक जण नेमके उलटे करतात.

रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग कमी ठेवतात, म्हणून घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरेसा आहे.

निवृत्त_गणितबाई

मी ६९ वर्षांची असून गेली १४ वर्षे मधुमेह सांभाळते आहे. एकदम चालावे की तुकड्यांत, या प्रश्नाचे उत्तर आपल्या आजीच्या शतपावलीत आहे, असे मला वाटते. साखर काठावर असलेल्या साठीपुढच्या माणसांवर झालेला एक छोटा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटे चालल्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर सलग ४५ मिनिटे चालण्यापेक्षा अधिक चांगली आटोक्यात राहिली. माणसे केवळ दहा होती, हे गणिताच्या शिक्षिकेने सांगायलाच हवे. कारण मात्र सरळ आहे: जेवणानंतर रक्तात येणारी साखर पायांचे स्नायू त्याच वेळी वापरू लागतात. माझ्या यंत्रावर जेवून बसून राहिले तर दोन तासांनी १९० च्या आसपास आकडा येतो आणि सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटे फिरले तर १६० च्या.

इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी, आणि मधुमेह्यांनी 'गवतावर अनवाणी चाला' हा सल्ला कृपया ऐकू नये. पायाची संवेदना कमी झाली असेल, तर काटा रुतलेला रात्री मोजा काढेपर्यंत कळत नाही.

सातारचा_फिजिओ

बाईंशी सहमत आहे. एक भर घालतो: केवळ चालण्याने तोल आणि मांड्यांची ताकद पुरेशी टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची शिफारस केली, तीतही ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे आणि ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, इतक्यापासून सुरुवात करता येते. गुडघा कुरकुरत असेल तर उंच खुर्ची घ्यावी.

ठरावीक अंतर चालल्यावर दर वेळी पोटरी भरून येत असेल आणि थांबताच मोकळी होत असेल, तर ते वयाचे दुखणे समजू नये. पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात. चालताना छातीत दडपण आले, तर तिथेच थांबावे आणि विलंब न करता डॉक्टरांना गाठावे.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. सूज उतरली आहे. आज घड्याळातले उद्दिष्ट बदलून ५,००० केले आणि दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटे फिरायचे ठरले; रात्री आईही सोबत जाणार आहे. बाबांनी फक्त एकच शंका विचारली, की एखाद्या दिवशी सहा हजार झाली तर वरची हजार पावले दुसऱ्या दिवशीच्या खात्यात जमा धरता येतील का.